बँड, मैदान आणि ‘आमचं कॉलेज’



गेल्या महिन्यातली गोष्ट. माझी मुलगी यंदा एफ. वाय. ला आहे. रात्री जेवताना म्हणाली, “पप्पा, साडेतीनशे रुपये पाहिजेत. कॉलेजचा टी-शर्ट घ्यायचाय. आमच्या कबड्डीच्या पोरींची मॅच आहे, सगळे एकाच रंगात जाणार.”

मी ताटातली मान वर न करता विचारले, “तू खेळतेस का?”

“नाही.”

“मग तुला टी-शर्ट कशाला? ओरडायला?”

“हो, ओरडायलाच.”

सौ. हसली. मी मात्र सवयीप्रमाणे म्हणालो, अभ्यास कर, ओरडून मार्क मिळत नाहीत. पोरीने वाद घातला नाही. भांडी आवरून झाल्यावर तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा बँड होता. शेकडो काळी मुले-मुली, अंगात कडक गणवेश, हातात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल, काहींच्या अंगाभोवती अजगरासारखे वेटोळे घातलेले पितळी वाद्य. गुडघे छातीकडे उचलत ती मुले मैदानात आली आणि स्टेडियम उभे राहिले. बारा वाजेपर्यंत मी तेच पाहत बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस मिळेल ते त्याविषयी वाचले. या वेळच्या सदरात तेच सांगणार आहे.

त्याआधी एक कबुली. मी बी. कॉम. केले ते सकाळच्या कॉलेजात. सातला लेक्चर, अकराला कामावर. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला जावे म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गेटवर वर्गणीची यादी घेऊन बसलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “हे स्कॉलरशिपवाले. फी सरकार भरणार, नाचायला हे पुढे.” मी तिथूनच परत फिरलो. तीन वर्षे त्या इमारतीत काढली, डिग्री घेतली, पण ‘आमचं कॉलेज’ हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. मुलीच्या तोंडून तो सहज निघाला आणि मी अभ्यासाचे प्रवचन दिले, त्याचे मूळ या गेटवर आहे.

असो. अमेरिकेकडे जाऊ. तिथे कॉलेज म्हणजे नुसते वर्ग आणि परीक्षा नाहीत. प्रत्येक कॉलेजचे ठरलेले रंग असतात, संघाचे टोपणनाव असते, स्वतःचे गाणे असते. शनिवारी फुटबॉलची मॅच. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळण्याचा आणि अंगावर धडकण्याचा खेळ. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एक लाखाहून जास्त माणूस मावतो, आणि हा कॉलेजचा संघ, देशाचा नव्हे! मॅचच्या मध्यंतरात कॉलेजचा बँड मैदानात उतरतो. हे बँड मुळात लष्करी शिक्षणातून आले. 1862 च्या मॉरिल कायद्याने ज्या कॉलेजांना सरकारी जमिनीचा आधार मिळाला, तिथे कवायत शिकवणे आवश्यक होते, आणि कवायत आली की बिगुल-ढोल आलेच. पुढे बँड सरळ रांगा सोडून मैदानावर आकृत्या काढू लागले. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने 1907 मध्ये चालता चालता स्वतःच्या कॉलेजचे ‘पी’ अक्षर तयार केले. आता नियमच आहे, पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचे. कमी नाही, जास्त नाही. आणि हे सगळे वाजवता वाजवता!

पण ‘आमचं कॉलेज’ यातला ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न तिथेही आहे, आणि आपल्या वाचकांना तो समजावून सांगायला नको.

मिसिसिपी विद्यापीठाचे उदाहरण घ्या. लाडाचे नाव ‘ओल मिस’. हे नाव गुलाम लोक मळ्याच्या मालकिणीला हाक मारताना वापरत त्यातून आले. संघाचे नाव ‘रेबेल्स’, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी बंड करून लढलेले दक्षिणेतले सैनिक. 1962 साली जेम्स मेरेडिथ नावाचा काळा तरुण कोर्टाचा हुकूम घेऊन तिथे प्रवेशाला आला. त्या 29 सप्टेंबरला जॅक्सन शहरात ओल मिसची मॅच होती. मध्यंतरात राज्याचा गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानात आला, माईकवर मोजकी वाक्ये बोलला, आणि त्या दक्षिणी झेंड्यांनी भरलेले स्टेडियम बेभान झाले. दुसऱ्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल पेटली, दोन माणसे मेली, केंद्राला सैन्य पाठवावे लागले. 1 ऑक्टोबरला मेरेडिथने नाव नोंदवले, 1963 मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. मैदानावरची ती आरोळी कॉलेजप्रेमाचीच होती बरे! कॉलेजवर प्रेम म्हणजे एका मुलाला कॉलेजात येऊ न देणे, असा तिचा अर्थ होता.

पुढे 1982 मध्ये त्याच विद्यापीठात जॉन हॉकिन्स हा पहिला काळा चिअरलीडर झाला. चिअरलीडर म्हणजे मैदानाच्या कडेला उभे राहून प्रेक्षकांना चेतवणारे. तिथल्या रिवाजाप्रमाणे चिअरलीडरने तो दक्षिणी झेंडा घेऊन धावायचे असे. हॉकिन्सने नकार दिला. संघासाठी ओरडेन, झेंडा उचलणार नाही. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने त्या झेंड्यापासून स्वतःला अलग केले. बँड मात्र ‘डिक्सी’ हे जुन्या दक्षिणेचे गाणे वाजवतच राहिला. ते बंद व्हायला 2016 साल उजाडले.

ज्यांना या दारांतून आत घेत नव्हते, त्यांनी काय केले? त्यांच्यासाठी वेगळी कॉलेजे निघाली होती, त्यांनी ती आपली केली.

नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ 1866 चे, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी काढलेले. पाच वर्षांत कॉलेज बंद पडायची वेळ आली. तिथले खजिनदार जॉर्ज व्हाइट गाणेही शिकवत. (खजिनदाराने असे काही केल्याचे वाचले की आम्हा कारकून मंडळींना बरे वाटते.) 1871 मध्ये ते नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव गायला निघाले. गुलामीतल्या आईबापांची गाणी त्या मुलांनी गायिली. 1873 मध्ये ती इंग्लंडच्या राणीपुढेही गायिली. त्या पैशातून जी इमारत उभी राहिली ती ‘जुबिली हॉल’ म्हणून ओळखली जाते. याच फिस्कमधून 1888 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस पदवीधर झाले. हेच ते विचारवंत, ज्यांना परमपूज्य बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले होते आणि ज्यांचे उत्तरही आले होते.

आणि 1946 मध्येच फ्लोरिडा राज्यातल्या टॅलाहसी गावी विल्यम फॉस्टर नावाचा तरुण बँडमास्तर कामावर आला. कॅन्सस विद्यापीठात शिकताना त्याला संगीत-संचालक व्हायचे होते. तिथल्या डीनने समजावले, काळ्या माणसाला या कामात नोकरी नाही, दुसरे काही बघ. फॉस्टरने ‘दुसरे काही’ बघितले नाही. फ्लोरिडा ए. अँड एम. या काळ्यांच्या विद्यापीठात त्याने बँड उभा केला. वादक शंभर झाले आणि ‘मार्चिंग हंड्रेड’ हे नाव पडले. आज संख्या कितीतरी जास्त आहे, नाव तेच. 1955 मध्ये त्याने कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे कोलंबिया.

फॉस्टरने बँडला नाचायला लावले. लष्करी शिस्त ठेवली, पण अंगात वस्तीचा, चर्चचा ठेका आणला. कधी पळत्या पावलाने, तर कधी इतके संथ की मिनिटाला जेमतेम वीस पावले. उचललेला पाय हवेत तसाच थांबतो आणि शेकडो पाय एकाच वेळी खाली येतात. करून बघा घरात, तोल जातो! आपल्याकडे इंटरव्हल झाला की लोक वडापावला उठतात. काळ्यांच्या कॉलेजांच्या मॅचला मध्यंतरात कोणी जागा सोडत नाही. मॅच संपल्यावरही दोन्ही बँड समोरासमोर बसून वाजवतात. खेळ चार भागांचा असतो म्हणून त्याला ‘पाचवा भाग’ म्हणतात. मॅच हरलेले लोक कधी कधी तिथे जिंकून घरी जातात.

14 जुलै 1989 रोजी फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षे झाली, तेव्हा पॅरिसच्या संचलनात अमेरिकेतर्फे हा बँड चालला. समता-स्वातंत्र्य-बंधुत्वाचा तो उत्सव, आणि एवढ्या मोठ्या देशातून मान मिळाला काळ्यांच्या कॉलेजला. फॉस्टर 1998 पर्यंत बँडवर होते. 2010 मध्ये ते गेले.

आता मैदानाचा हिशोब. याच विद्यापीठात शिकलेली अल्थिया गिब्सन 1957 मध्ये विम्बल्डन जिंकली, आणि बॉब हेज 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्ण घेऊन आला. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंगचे कोच एडी रॉबिन्सन 1941 पासून 1997 पर्यंत एकाच कॉलेजात राहिले आणि 408 सामने जिंकले. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे बंद होती तोवर काळा खेळाडू या कॉलेजांतच यायचा. दारे उघडली तशी मोठी कॉलेजे चांगले खेळाडू उचलून नेऊ लागली. दारे उघडली हे बरेच झाले. पण बघा, मेरेडिथला नको म्हणणाऱ्या स्टेडियमांत काळी मुले पळू लागली, तिकिटांचे आणि टीव्हीचे पैसे कॉलेजला, आणि खेळणाऱ्याला स्कॉलरशिप. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा कोच! स्वतःच्या नावाची जाहिरात करून कमावण्याची मुभा खेळाडूंना मिळाली 2021 मध्ये, आणि कॉलेजने थेट पैसे द्यायला सुरुवात झाली 2025 मध्ये. इतकी वर्षे ‘कॉलेजसाठी खेळ’ या शब्दावर काम फुकट करून घेतले.

काळ्यांच्या कॉलेजांतून खेळाडू गेले, बँड राहिला. बँडमध्ये येणाऱ्या मुलाला स्कॉलरशिप मिळते, त्यावर कितीतरी गरिबाघरची पोरे शिकतात. टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या बँडला तर 2023 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कॉलेजच्या मार्चिंग बँडला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण मार्चिंग हंड्रेडची एक रात्र सांगावीच लागेल. 19 नोव्हेंबर 2011. ऑर्लँडो शहरात मोठी मॅच झाली. नंतर हॉटेलच्या बाहेर उभ्या केलेल्या बँडच्या बसमध्ये एक ‘रिवाज’ पाळला गेला. बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, आणि दोन्ही बाजूंनी आपल्याच सोबत्यांचा मार खायचा. बँडच्या पुढे दंड घेऊन चालणारा, सव्वीस वर्षांचा ड्रम मेजर त्या मारात मेला. मारणारे काळे, मरणारा काळा, गणवेश एकच. डीनने नाकारलेल्या माणसाने उभा केलेला बँड! विद्यापीठाने बँड बंद केला, 2012 मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला, मारणाऱ्यांवर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. 2013 मध्ये बँड पुन्हा मैदानात आला.

हे आपण रॅगिंग म्हणतो तेच. आपल्या राज्यात त्याविरुद्ध 1999 चा कायदा आहे. ‘आम्हीही सोसले, तूही सोस, मग तू आमचा’ हे वाक्य ज्याने आयुष्यभर गेटवर उभे राहून काढले त्याला फार लवकर पटते. आपला म्हणून घेतील या आशेने माणूस पाठ पुढे करतो. मीसुद्धा त्या वयात केली असती, हे खोटे कशाला बोलू?

मुलीला मी पैसे दिले. देताना विचारले, “सीनियर काही करायला लावतात का? रात्री थांबवतात का?”

ती म्हणाली, “पप्पा, टी-शर्ट घ्यायचाय, मिलिटरीत नाही चालले.”

“तरी सांग.”

“नाही लावत. लावलं तर तुम्हाला पहिलं सांगेन.”

मॅच शनिवारी होती. मी ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन गेलो, मागच्या बाकावर बसलो. ढोलकी एकच होती, तीही कोणाच्या तरी घरची. दोन पत्र्याचे डबे आणि चाळीसेक पोरे-पोरी निळ्या टी-शर्टात. आमच्या मुली सात गुणांनी हरल्या. माझ्या पोरीचा आवाज रविवारी संध्याकाळपर्यंत बसलेला होता, आणि तिची आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावत तिच्यामागे फिरत होती.