बर्फाचं टिपाड कुणासाठी भरायचं?



"डॉक्टर, दहा मिनिटं वाफ घ्यायची, लगेच तीन मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसायचं. दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही म्हणे. खरं आहे का?" हा प्रश्न मला आता येरमाळ्यातही विचारला जातो. विचारणारी बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात. पहाटे 1600 मीटर पळायचं, संध्याकाळी गोळाफेक आणि वजनं. मग मोबाईलवर रील बघून निळ्या टिपाडात बर्फाची लादी फोडून टाकायची आणि गळ्यापर्यंत आत बसायचं. पुण्या-मुंबईत याच गोष्टीला 'सॉना आणि कोल्ड प्लंज' म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. या गरम-थंडच्या खेळाचा फायदा थोडा आहे. काही लोकांना त्याचा धोका मोठा आहे. आणि थंड पाण्याच्या टबाची ज्याला खरी गरज असते, त्या माणसाला मात्र तो मिळत नाही.

फायदा किती?

सॉना म्हणजे फिनलंडमधली लाकडी खोली. आतली हवा कोरडी आणि 80 ते 100 अंश सेल्सियस तापलेली. तिथल्या 2315 मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं पाठपुरावा करून 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी दिसले. जाहिरातीत सांगतात ते एवढंच. पण ज्याची तब्येत धड आहे तोच रोज सॉनात जाऊन बसतो, आजारी माणूस जात नाही. त्यामुळे सॉनाने माणूस निरोगी झाला की निरोगी माणूस सॉनात गेला, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. शिवाय ती माणसं थंडीतून उबेला जातात. आपण एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार उन्हातून पत्र्याच्या घरात येतो. आपल्या शरीराला आणखी उष्णता विकत द्यायची गरज काय?

आता थंड पाणी. 2012 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामानंतर नुसतं बसून राहण्यापेक्षा थंड पाण्यात बसल्याने अंगदुखी काही प्रमाणात कमी होते, असं दिसलं. हे मी नाकारत नाही. पण 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक गंमत केली. काही तरुणांना कोमट पाण्यात बसवलं, त्यात साधा साबणासारखा द्रव घातला आणि 'हे थकवा घालवणारं खास तेल आहे' असं सांगितलं. त्यांनाही बर्फाच्या पाण्यात बसणाऱ्यांइतकाच आराम पडला. म्हणजे फायद्याचा मोठा वाटा विश्वासाचा होता.

भरतीच्या पोरांनी पुढचं नीट वाचावं. 2015 च्या एका चाचणीत 12 आठवडे वजनं उचलणाऱ्या तरुणांपैकी काहींना प्रत्येक व्यायामानंतर 10 मिनिटं 10 अंशांच्या पाण्यात बसवलं, बाकीच्यांना हलकी सायकल मारायला लावली. थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. म्हणजे गोळा लांब जावा म्हणून घाम गाळायचा आणि त्या मेहनतीवर स्वतःच बर्फ ओतायचा!

'घामातून विष बाहेर पडतं' हेही ऐकतो. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सॉनात कमी झालेलं वजन दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

धोका कुणाला?

उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, नाडी वाढते, घाम जाऊन रक्तातलं पाणी घटतं. अशा अवस्थेत बर्फात उतरलात की रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब उसळतो, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तरुण, निरोगी माणूस बहुतेक वेळा हे सहन करतो. पण हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असलेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेहाने पाय बधिर झालेले, गरोदर स्त्रिया आणि दारू प्यायलेले यांनी या वाटेला जाऊ नये. आणि चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांना आपला रक्तदाब वाढलाय हे माहीतच नसतं.

'हे आपल्या आयुर्वेदात आहेच' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. चरकसंहितेत घाम काढण्याच्या उपचारावर, म्हणजे स्वेदनावर, अख्खा अध्याय आहे. त्यात कुणाला स्वेदन देऊ नये याची यादीही आहे आणि त्या यादीत गर्भिणी आणि मधुमेही आहेत. आपल्या आजीचा नियम तर याहून सोपा होता: उन्हातून आलास, आधी सावलीत टेक, गुळाचा खडा खा, मग पाणी पी.

टबाची खरी गरज कुणाला?

उष्माघात झालेल्या माणसाला. अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर गेलंय आणि तो बरळतोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपतेय, तर थंड पाण्यात बुडवणं हा त्याच्यावरचा सर्वांत वेगवान उपचार आहे. अमेरिकेतल्या फॅलमाउथच्या रस्ता शर्यतीत 18 वर्षांत उष्माघाताचे 274 रुग्ण झाले. त्यांना तिथल्या तिथे थंड पाण्याच्या टबात ठेवलं आणि सगळे वाचले. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने 2024 मध्ये यासाठी बर्फाच्या टबांचा वेगळा कक्ष उघडला.

आपल्याकडे काय होतं? 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर 14 जणांचा जीव गेला, हे आपण सगळ्यांनी वाचलं. आपल्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात भरते. चुनखडी वेचायला लाखो माणसं उन्हात येतात. कुणाला ऊन लागलं की आपण कांदा चोळतो, ओला रुमाल कपाळावर ठेवतो आणि गाडी शोधत बसतो. त्यात मोलाचा पहिला अर्धा तास जातो.

नियम लक्षात ठेवा: आधी थंड करा, मग हलवा. 108 ला फोन लावा आणि त्याच वेळी माणसाला सावलीत आणा, जास्तीचे कपडे काढा. टब असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा, एकाने डोकं सतत पाण्यावर धरून ठेवायचं. टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून चारी कडा उचला आणि आत बर्फाचं पाणी ओता. माणूस वयस्कर किंवा हृदयरोगी असेल तर अंगभर पाणी मारून जोरात वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

म्हणून पोरांनो, तुमचं टिपाड फेकून देऊ नका. अंगदुखीसाठी आठ तास झोप, पोटभर भाकरी-डाळ-अंडी, भरपूर पाणी आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी पुरे. ते टिपाड यात्रेच्या दिवसांत बर्फाच्या दोन लाद्यांसह रस्त्याच्या कडेला सावलीत ठेवा आणि चौघांनी आळीपाळीने तिथे थांबा. ग्रामपंचायतीने आणि मंडळांनी पाणपोईशेजारी अशी सोय करावी, अशी माझी मागणी आहे. ती वापरायची कशी, हे शिकवायला मी येतो. फी नाही.