संध्याकाळचं मैदान

रविवारी सकाळी साडेसहाला मला उठवण्याची हिंमत फक्त एकाच व्यक्तीत आहे. माझी भाची. वय वर्षं तेरा, डोंबिवलीतल्या एका क्लबात फुटबॉल खेळते. मुलींची प्रॅक्टिस आठवड्यातून एकदाच, रविवारी सात ते आठ. आठ वाजून दोन मिनिटांनी मुलगे आत येतात आणि मैदान रिकामं लागतं. संध्याकाळी का नाही, असं मी विचारलं. उत्तर आलं, "संध्याकाळी मुलांचा संघ असतो. आणि अंधार पडल्यावर मुलींना घरी कोण सोडणार?"

आता गंमत बघा. २०२२ साली महिला फुटबॉल आपल्या अगदी दारात आला होता. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडली की नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ फेब्रुवारीला आशियाई कपची फायनल झाली. ०-२ ने मागे पडलेल्या चीनने कोरियाला ३-२ ने हरवलं. ३० ऑक्टोबरला तिथेच सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. दोन फायनल्स, एकाच वर्षात! मग मांडव उठला, पाहुणे गेले, आणि आमच्या मैदानावर मुलींचा तास तेवढाच राहिला.

"मुलींच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत हो," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. १९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एका कारखान्यातल्या बायकांचा संघ, डिक कर लेडीज, खेळला तेव्हा ५३,००० लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने क्लबांना बजावलं, बायकांना तुमची मैदानं देऊ नका. खेळायला बंदी नव्हती हं, मैदान द्यायला होती. तेवढं पुरलं. खेळ जवळजवळ पन्नास वर्षं मागे पडला.

आणि उलटंही होतं. कोळिकोडचा गोकुलम केरळा हा क्लब २०१७ चा. पण त्यांच्या महिला संघाने इंडियन विमेन्स लीग सलग तीनदा जिंकली. तिथूनच मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबात गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. (कल्याणकरांनो, खूश होऊ नका, ते आडनाव आहे. पोरगी पंजाबची!) जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई कपमध्ये जागा मिळवली.

आपलं काय? २०१९-२० च्या लीगमध्ये महाराष्ट्राचे दोन क्लब होते, मुंबईचा केंकरे आणि कोल्हापूर सिटी. २०२३-२४ मध्ये ही लीग पहिल्यांदा होम-अवे झाली. सात संघ. महाराष्ट्राचा एकही नाही.

मला वाटतं याचं कारण स्टेडियममध्ये नाही, वेळापत्रकात आहे. आठवड्याला एक तास खेळून कोणी राज्याच्या संघात जात नाही. आमच्या क्षेत्रात एखाद्या मॉड्यूलला रिसोर्स द्यायचा नाही आणि मग रिव्ह्यूत म्हणायचं "डिलिव्हर करत नाही", तसंच हे. पालिकेचं मैदान वापरणाऱ्या प्रत्येक क्लबाने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलींना द्याव्यात. दिवे चालू ठेवून. बस्स, एवढीच मागणी.

राहिला "घरी कोण सोडणार" हा प्रश्न. खरं सांगतो, तो ऐकून मीही आधी गप्प बसलो होतो. एरवी ऐरोलीहून घरी पोचेपर्यंत मला साडेआठ होतात. मग लक्षात आलं की मंगळवारी मी घरूनच काम करतो. दुसऱ्या एका मुलीच्या आईने गुरुवार घेतला. दोघांनी मिळून क्लबला पत्र दिलंय, मंगळवार-गुरुवार सहा ते सात, मुलींना आम्ही सोडू.

उत्तर अजून आलेलं नाही. भाची रोज विचारते, "मामा, आलं का?"

तुमच्या जवळच्या मैदानावर संध्याकाळी कोण खेळतं, जरा बघून या. आणि तुमचा मोकळा वार कोणता, तेही.