शपथ देवापुढे, उपचार डॉक्टरांकडे

दारू सोडायची म्हटली की आपल्याकडे पहिली वाट देवळाची. घरची मंडळी माणसाला देवापुढे उभा करतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाणे घालतात आणि ‘आजपासून थेंबाला शिवणार नाही’ अशी शपथ त्याच्याकडून घेववतात. या श्रद्धेला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. देवळाच्या गावात माझे आयुष्य गेले. चारचौघांसमक्ष दिलेल्या शब्दाचे बळ मी जाणतो. परंतु शेतकरी व रापणकार बांधवांनो, एक गोष्ट निक्षून सांगितलीच पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

दारूने माणूस मरतो हे ठाऊक आहे. ती सोडल्याने कसा मरेल, असे कोणी विचारील. रापणीचा दोर आठवा. जाळ्याचे ओझे एका बाजूला आणि ओढणारी माणसे दुसऱ्या बाजूला. दोर अचानक तुटला तर ओढणारेच मागे आदळतात. मेंदूचेही तसेच आहे. दारू मेंदूला मंद करते. रोजच्या त्या मंदपणाशी झगडण्यासाठी मेंदू स्वतःला अधिकाधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. काजूची फेणी घरची, म्हणून ती निराळी असेही कोणी समजू नये. तिच्यातही व्हिस्कीइतकाच, म्हणजे साधारण ४२ ते ४५ टक्के मद्यार्क असतो.

शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी, म्हणजेच फीट, येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, बायकामुलांचीही ओळख राहत नाही. येथेच घात होतो. देवचार लागला, शपथ बाधली, असे म्हणून घाड्याला बोलावणे जाते. खरे तर तो बाधेचा नव्हे, इस्पितळाचा रोगी असतो, आणि उपचाराला उशीर झाला तर दगावतो.

हे प्रत्येक पिणाऱ्याला होते असे नाही. म्हणून शपथ घेववण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. रोज पितोस का? सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत का? पूर्वी दारू बंद केली तेव्हा फीट किंवा भ्रम झाला होता का? एकाही प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले, तर आधी डॉक्टर आणि मग शपथ. डॉक्टर काही दिवस झटके थोपवणारे औषध देतात व ते उतरत्या प्रमाणात बंद करतात. पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व कमी पडते, तेही देतात. ते न मिळाल्यास चाल लटपटते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ‘दारू सोडवायला दुसरी गुंगी कशाला?’ असे म्हणून ही औषधे मध्येच टाकू नयेत. आणि डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणूही नयेत.

बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे, गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. फीट आली किंवा भ्रम झाला तर मात्र वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. तोवर रोग्याला कुशीवर वळवा; तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा वहाण हुंगवत बसू नका.

ज्यांचे पिणे वाढले आहे, पण शरीर अजून दारूवाचून अडत नाही, त्यांना बोलण्याचाही उपयोग होतो. आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी अशा पुरुषांशी थोड्या बैठका घेतल्या, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पिणे आटोक्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आहे.

या लेखाचा आधार घेऊन ‘मास्तर म्हणतात सोडू नये’ असे कोणी सांगत सुटू नये. दारू सुटलीच पाहिजे. यकृत सडल्यावर शेत आणि होडी दोन्ही गहाण पडतात. पण व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाला लाजवून बरे करता येत नाही. गावच्या महाजनांनी व वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे: शपथेसाठी येणाऱ्याला आधी इस्पितळात न्यावे, आणि तो तेथून परतला की मग देवापुढे नारळ ठेवावा. त्या शपथेची खरी गरज पुढच्या महिन्यांत असते, जेव्हा औषध संपलेले असते आणि तावेर्नाची वाट रोज घरावरून जात असते.