मोजणीत सगळे हवेत

सिंगापुरात भारतीय वंशाचे लोक शंभरात जेमतेम नऊ, मलय तेरा-चौदा. निव्वळ लोकसंख्येच्या प्रमाणात माणसे निवडली, तर स्मृतिभ्रंशाच्या पाहणीत या समाजांतले वृद्ध इतके थोडे येतात की त्यांच्याविषयी ठामपणे काही सांगताच येत नाही. म्हणून तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने साठीपुढच्या अडीच हजारांवर ज्येष्ठांच्या ‘वाइज’ अभ्यासात मलय आणि भारतीय मुद्दाम जास्त घेतले. हे फार मोलाचे काम झाले. दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात ते पाहायचे, मिनिटभरात सुचतील तेवढे प्राणी सांगायला लावायचे, शिवाय घरच्यांनाही विचारायचे. शाळेची पायरी न चढलेल्या आजींवर अन्याय होऊ नये, यासाठी विकसनशील देशांत पारखलेली ‘१०/६६’ ही पद्धत वापरली. २०१३ मध्ये साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १० टक्के निघाले, २०२३ च्या फेरीत ८.८. आता नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत डॉ. नागेंद्रन कांडिया यांचा गट ‘बायोसिस’ अभ्यासात चिनी, मलय, भारतीय अशा सर्वांचे रक्त आणि मेंदूचे एमआरआय तपासतो आहे. आजाराची जैविक मोजमापे आजवर मुख्यतः गोऱ्या रुग्णांवरूनच ठरली. आपल्यासारख्या आशियाई लोकांत मधुमेह, रक्तदाब आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे दुखणे यांचा वाटा वेगळा असू शकतो. ‘बायोसिस’ तिशीपुढच्यांसाठी आहे. सिंगापुरातल्या मराठी कुटुंबांनी आई-वडिलांशी बोलून, त्यांची तयारी असेल तर, तिथे जरूर चौकशी करावी.