जीवशास्त्र कोणाचे?

परंडा तालुक्यातील विद्यार्थी बारावीला जीवशास्त्र घेतो तेव्हा घरच्यांच्या मनात एकच शब्द असतो : डॉक्टर. 'नीट'च्या शिकवणीसाठी मुलाला लातूरला ठेवण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला हा विषय म्हणजे वर जाण्याचा दरवाजा. ज्याची ऐपत नाही, त्याच्या मुलाच्या हाती बी. एस्सी.ची पदवी येते, तीही हुकलेल्या डॉक्टरकीची खूण म्हणून. सजीवांचे सारे शास्त्र असे एका प्रवेशपरीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे.

पर्यावरणशास्त्राची गत निराळी नाही. हा विषय सक्तीने शिकवावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्यानंतर एक तप उलटल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांसाठी आला. शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला होते. नदी, डोंगर, गवताळ रान प्रत्यक्ष पाहावे, भोवतालचे पक्षी, कीटक व वनस्पती ओळखाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. परंतु तासिका तत्त्वावर राबणारा, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची खात्री नसलेला प्राध्यापक विद्यार्थ्यांना कोणाच्या बळावर सीनेकाठी नेणार? मग क्षेत्रकार्य म्हणजे एकमेकांच्या वह्या उतरवून काढणे होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची नवी भाषा आणली. शिक्षकांच्या रिक्त जागा त्या भाषेने भरत नाहीत.

यात गमावते कोण? १९७९ साली शासनाने सोलापूर व नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता आणि परंड्याला लागून असलेले करमाळा व माढा हे तालुके त्यात होते. गावेच्या गावे नकाशावरील एका रेषेच्या आत गेली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. पुढे तेच क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. रेषा आखताना आणि पुसतानाही माळावर राहणाऱ्यांचे ज्ञान कोणी विचारात घेतले? माळढोक तर जवळजवळ नाहीसाच झाला. गवत आणि पक्षी मोजणारे शिक्षित तरुण त्याच गावांतून उभे राहिले असते, तर शेतकरी विरुद्ध पक्षी असा खोटा झगडा लावून देणे इतके सोपे गेले नसते.

'अशा शिक्षणाने पोट भरते काय?' असे विचारले जाते. या जिल्ह्याचे नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी कोणत्याही प्रयोगशाळेत घडलेली नाही. काटक, जुळी करडे देणारी ही जात भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांनी जोपासली. तिचा चारा, तिचे रोग, सीना-कोळेगाव धरणाचे पाणी आणि त्या पाण्यावरचा ऊस हे सारे जीवशास्त्राचेच विषय आहेत. तालुक्याचे पोट यांवरच चालते. हे ज्ञान गरिबाच्या हाती नसेल, तर पाण्याचा आणि माळाचा हिशेब धनवानच लिहितील.

मार्ग कायद्यातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणली. गावाची जैवविविधता नोंदवही लोकांच्या सहभागाने तयार करणे हे तिचे काम. महाविद्यालयीन क्षेत्रकार्य या नोंदवहीशी जोडा. विद्यार्थ्यांनी मेंढपाळांना, शेळ्या राखणाऱ्या स्त्रियांना गुरू मानून नोंदी कराव्यात. अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेपुढे वाचावा. त्यासाठी जीवशास्त्राच्या कायम जागा भराव्यात आणि क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च शासनाने द्यावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव मराठवाडा विद्यापीठाला मिळावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत दलित व पुरोगामी कार्यकर्त्यांनी लाठ्या खाल्ल्या, घरेदारे गमावली. नाव मिळाले. त्या नावाचे विद्यापीठ परंड्याच्या माळापर्यंत पोहोचविण्याचा लढा मात्र बाकी आहे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारावा : आमच्या गावाची नोंदवही कोठे आहे, आणि ती कोणी लिहिली?