आधी छप्पर, मग परस

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून घरची माणसं गावी जमली की कोकणातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो: जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, की आहे तेच दुरुस्त करायचं? बोलणं भिंती आणि छपराभोवती फिरतं, कोणी किती पैसे घालायचे यावर रेंगाळतं. घरामागच्या परसाची आठवण होते ती जेसीबी अंगणात येऊन उभा राहिल्यावर. आमच्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. पागोळ्यांचं पाणी कुठे जाणार, न्हाणीचं सांडपाणी कुठे मुरणार, पायात वाळवीचं कोणतं औषध ओतणार, एवढं ठरलं की परसात भाजी होणार की नाही तेही ठरून जातं.

पाडा म्हणणाऱ्यांचं आधी नीट ऐकायला हवं, कारण ते बहुधा घरात प्रत्यक्ष राहणारे असतात. सत्तरी ओलांडलेल्या आईला भर पावसात रात्री मागीलदारी जावं लागतं. उंबरे उंच, माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. शेणाने सारवलेली जमीन थंडगार असते हे खरं, पण ती सारवत राहण्याचं काम वर्षानुवर्षं घरातल्या बायकांच्याच गुडघ्यांवर पडलं. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचं तर कौलांवर चढणारा माणूस मिळत नाही. त्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. ज्यांची कौलं आणि पत्रे त्या दिवशी उडाले, त्यांनी स्लॅब मागितला तर त्यांना हौशी म्हणता येणार नाही.

तरीही स्लॅबची दुसरी बाजू त्याच गावात डोळ्यांसमोर असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी चार महिने सपाट छपरावर झेलायचं म्हणजे उतार, गिलावा आणि सळईवरचं काँक्रीट यांत कुठेही कसर राहून चालत नाही. ती राहतेच. मग काही वर्षांनी स्लॅब पाझरतो, आतल्या सळया गंजून पोपडे पडतात आणि वर लोखंडी खांब रोवून पत्र्याचं छप्पर घातलं जातं. छपरासाठी दोनदा पैसे मोजून शेवटी उतरतं छप्परच हाती येतं.

जांभ्याच्या भिंतींविषयीही घाई होते. मातीत रचलेल्या दीड-दोन फुटी भिंतीत ओल जमिनीतून वर चढते आणि पृष्ठभागावरून सुकते. चुन्याचा गिलावा तिला वाट देतो. त्यावर सिमेंटचा कडक थर दिला की ओलीला बाहेर पडता येत नाही, ती आणखी वर सरकते आणि चार-दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगून सुटतं. मग भिंतच वाईट होती असा निकाल लागतो, आणि तो चुकीचा असतो.

छपराची तपासणी मात्र कोरड्या डोळ्यांनी व्हावी. वासा मधोमध सहसा शाबूत असतो. बघायचं ते भिंतीवर टेकलेलं टोक. तिथली कौलं उतरवून सुतार पटाशी टोचतो. लाकूड खणखणीत असेल तर ती नुसती खरवडते. कुजलं असेल तर दोन बोटं आत जाते आणि ओला भुसा बाहेर येतो. टोक गेलं म्हणजे अख्खा वासा गेला असं नव्हे, तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधता येतो. पण आढ्याची आणि बहुतेक वाशांची हीच गत असेल, तर जुन्या लाकडाचा मोह सोडून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारावा आणि त्यावर तीच मंगलोरी कौलं चढवावीत. ही कौलं कोकणात परंपरेने चालत आलेली आहेत असं आपण धरून चालतो, पण बासेल मिशनने मंगळुरात त्यांचा कारखाना काढला तो 1865 साली. त्या काळची ती नवी सोयच होती, तेव्हा आज लोखंड वापरण्यात कसला विटाळ वाटायला नको.

आता परस. जुन्या घरात न्हाणीचं पाणी अळवाच्या खाचरात आणि केळीच्या बुंध्याशी जायचं. दुरुस्तीत न्हाणी आत येते, पाणी नळीतून शोषखड्ड्यात जातं, आणि अळू पहिल्याच उन्हाळ्यात वाळतं. मोरी आणि संडास आत यायलाच हवेत, त्यावर तडजोड नको. मात्र आंघोळीची नळी संडासाच्या नळीपासून वेगळी काढली, तर तेच पाणी केळीला मिळतं. ती पाया खणतानाच वेगळी काढावी लागते, नंतर कोणी फरशी फोडत नाही.

वाळवीच्या औषधाचंही तसंच. क्लोरपायरीफॉससारखं औषध पायाभोवती मातीत ओततात. तिथेच पागोळ्यांखाली माठ-मुळ्याचे वाफे असतात, आणि विहीरही फार लांब नसते. वाफे हलवायचे की औषध फक्त आतल्या बाजूने द्यायचं, हे आधी ठरवायला हवं. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची रीत अजून टिकून आहे आणि ती उपयोगाची आहे. जुन्या दारा-खिडक्यांचा तैलरंग खरवडतानाही खाली कापड अंथरून पोपडे गोळा करावेत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, ते मातीत पडलं की जात नाही आणि पालेभाजीच्या पानांवर उडत राहतं.

भाजी लावायचीच कशाला, बाजारात मिळते की, हा प्रश्नही रास्त आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, पावसाने धुपलेली असते. शेणखत-पालापाचोळा घातल्याशिवाय ती काही देत नाही, आणि गोठा रिकामा झालेल्या घरात शेण विकत आणावं लागतं. वानर आणि लाल तोंडाची माकडं काकडी, दोडका कोवळा असतानाच खुडून नेतात. माकडं ज्याला हात लावत नाहीत तो सुरण रानडुकरं उकरतात. कुंपण, जाळी, खत यांचा हिशेब मांडला तर घरची भाजी स्वस्त पडते असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तारा’ कारलं, ‘कोकण हरिता’ दोडका असे इथल्या पावसाला मानवणारे वाण दिले आहेत. कारलं माकडं त्यातल्या त्यात कमी खातात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करायला हरकत नाही. बाकी ज्याला भाजी परवडवायची असेल त्याने परसाच्या भानगडीत पडू नये. ज्याला मिरगात लावलेल्या वेलाची काकडी गणपतीच्या माटवीला बांधायची आहे, त्याने पडावं.

खरी अडचण इथेच आहे. बी मिरगात पडायला हवं, वेल आषाढात मांडवावर चढवायला हवा, आणि घराचे मालक येतात चतुर्थीच्या दोन दिवस आधी. तेव्हा घरात पावसाचे चार महिने कोण राहणार, याचं उत्तर कंत्राटाआधी मिळालं पाहिजे. राहणारं माणूस असेल, तर आमचा कौल दुरुस्तीला आहे: आधी छप्पर, मग मोरी-संडास, मग वायरिंग, आणि भिंतींचं रूप सगळ्यात शेवटी. पेव्हर ब्लॉक फार तर पुढच्या अंगणात घालावेत, परस मोकळं राहू द्यावं. म्हातारपणी कायमचं राहायला येणाऱ्याला नव्या घराची गरज वाटत असेल तर तेही गैर नाही, मात्र चिरे आणि चांगलं लाकूड त्याच घरात परत वापरावं.

कोणीच राहणार नसेल, तर लाखो रुपयांचा स्लॅबही बंद दाराआड तसाच पाझरेल. अशा घराचं फक्त छप्पर नीट करून घ्यावं आणि परस शेजारच्या कसणाऱ्या घराला हंगामापुरतं द्यावं. भाजी त्यांची, बदल्यात पन्हळी साफ ठेवणं आणि कौल सरकलं तर फोन करणं त्यांच्याकडे. सगळ्या भावंडांच्या सह्या घेऊन हे एका कागदावर लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या मे महिन्यात त्यावरून वाद होणार नाही.