गुडघा फाटला की जिद्द पुरत नाही

सांगलीच्या स्मृती मानधनाची गोष्ट आता क्रीडादिनाच्या भाषणांत हमखास येते. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत ब्रिस्बेन हीटकडून खेळताना तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. पाच महिने मैदान बंद. २४ जूनला डर्बीला विश्वचषकाचा पहिला सामना इंग्लंडशी, आणि तिने ७२ चेंडूंत ९० धावा काढल्या. पाच दिवसांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. ‘जिद्द असावी तर अशी!’ म्हणत पाहुणे खाली बसतात, टाळ्या होतात.

आमचं भांडण स्मृतीशी नाही, तिचा आम्हाला अभिमानच आहे. भांडण आहे ते या ‘जिद्द’ शब्दाशी. फाटलेला अस्थिबंध जिद्दीनं जुळत नाही. त्याला एमआरआय लागतो, बहुतेकदा दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते, मग महिनोन् महिने रोजचा व्यायाम आणि तो करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट लागते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलं तर गुडघा पुन्हा जाण्याचा धोका वाढतो. तेवढे दिवस घरी बसवून पोसणार कोण?

अमेरिकेतली बास्केटबॉलपटू पेज बेकर्स हिचा गुडघा ऑगस्ट २०२२ मध्ये गेला. अख्खा हंगाम ती बाहेर होती, पण विद्यापीठानं तिला टाकलं नाही. २०२५ मध्ये तिच्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिलं नाव तिचं आलं. आपल्याकडे क्रिकेट मंडळानं २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचं सामन्याचं मानधन सारखं केलं, त्याचे नगारे वाजले. पण मैत्रिणींनो, ते मानधन मैदानात उतरणारीला! गुडघा बांधून बसलेलीला आधार वार्षिक कराराचा, आणि २०२४-२५ च्या करारांत वरच्या श्रेणीतल्या पुरुषाला ७ कोटी, बाईला ५० लाख.

आता हिंगोलीकडे या. वसमत, कळमनुरी, सेनगावच्या शाळांतल्या मुली कबड्डी आणि खो-खो खेळतात. हे झटक्यात वळण्याचे, अचानक थांबण्याचे खेळ, म्हणजे नेमका गुडघ्यावर घाला. त्यात सारख्याच खेळात हा अस्थिबंध मुलींचा मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो. लगेच म्हणतील, ‘बाईचं शरीरच नाजूक.’ शरीररचनेचा भाग असेल थोडा. पण मांडीचे स्नायू कमावू न देणं, खडबडीत मैदान, बूट नाहीत, उडी मारून उतरायचं कसं हे कुणी शिकवलेलं नाही, हे कुठल्या शरीरात लिहिलंय?

मुलीचा गुडघा सुजला की आधी तेल चोळतात, मग पट्टी बांधतात. ‘नांदेडला दाखवा’ म्हटलं की सोयाबीनचे पैसे येईपर्यंत थांबतात. आणि दबक्या आवाजात ठरतं, की बाहेर सांगू नका, लग्नाला अडचण येईल. पोराचा पाय मोडला तर त्याचं करिअर गेलं म्हणून हळहळतात. पोरीचा मोडला तर खेळ सुटला, बरं झालं. बालविवाहांचं प्रमाण जिथे राज्याच्या सरासरीहून जास्त, त्या मराठवाड्यात खेळ सुटणं म्हणजे अनेकींच्या बाबतीत शाळाही सुटणं. आणि लंगडणारा पाय घेऊन हळदीच्या रानात, पाण्याच्या हंड्याखाली तीच असते. तेव्हा मात्र गुडघा कुणाला आठवत नाही.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. गुडघ्यामुळे जी स्पर्धेपर्यंत पोचलीच नाही, ती त्या यादीत येणार कुठून?

आमची मागणी महागडी नाही. सरावाआधी वीस मिनिटांचा ठराविक व्यायाम नियमानं करवला तर मुलींमधल्या या दुखापती निम्म्यापर्यंत कमी होतात. त्याला यंत्र लागत नाही, शिकलेली शिक्षिका लागते. जिल्हा क्रीडा कार्यालयानं येत्या स्पर्धांआधी हे प्रशिक्षण घ्यावं. २०२४ मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आठवड्यातून एक दिवस खेळातल्या दुखापतींचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा, आणि तो दिवस कोणता हे प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावं.